जावई

भोसरीच्या एका शेडमध्ये जुळवलेला तो,
जिथे आधी मोटारींचे बंपर रंगवत.
कंपनीचा पोरगा पीपीईत घामाघूम होऊन सांगत होता :
हा गोळ्या नेईल, चहा नेईल,
मावशी, तुम्हाला सारखं आत जायला नको.

पण दारात दोन इंचांचा उंबरठा.
तिथे आला की थांबे,
निळा दिवा मिचकावत वाट बघे.
वत्सला सिस्टर म्हणाली, "जावईच की हा!
दारात आलाय, आता हात धरून आत घ्या."

जुन्या एक्स-रेंचा गठ्ठा बांधून
मी उतार केला त्याच्यासाठी.
कुणाकुणाच्या बरगड्यांवरून
तो रोज वॉर्डात चढायचा.

चाक चीं चीं वाजायचं.
वाजलं की खाटा कुशीवर वळायच्या,
चहा आला.

अकरा नंबरला पाटोळे.
खडकीच्या दारूगोळा कारखान्यात फिटर होते.
मास्कच्या आतून म्हणाले,
"डावं बेअरिंग बोंबलतंय."
मी म्हटलं, काका, बोलू नका,
ऑक्सिजन ब्याऐंशीवर आलाय.
"माझं मॉडेल जुनं. ते राहू दे.
त्याला तेल घाल."

दुसऱ्या रात्री घरून
शिलाई मशीनची कुपी आणली, लपवून.
त्यांनी झोपल्याझोपल्या बोट दाखवलं,
"तिथे नाही गं. खाली.
दोन थेंब. बास."

मग तळवा ठेवला त्याच्या पाठीवर.
"गरम आहे," म्हणाले.
बॅटरी असते तिथे, मी सांगितलं.
"माहितीये."
हात काढला नाही.
तेरा दिवसांत त्यांना
हातमोज्याशिवाय कुणी शिवलं नव्हतं.
मीसुद्धा नाही.
जावयाला बाराव्या खाटेकडे जायचं होतं,
बारावी खाट हाका मारत होती,
मी त्याचं बटण बंद करून
तशीच उभी राहिले.

पहाटे त्यांना चौथ्या मजल्यावर हलवलं.
लिफ्टचं बटण मी दाबलं.
वरचं रजिस्टर वर असतं.
मी गेले नाही बघायला.

चाक आता वाजत नाही.
जावई गुपचूप येऊन उशाशी उभा राहतो,
पेशंट दचकतात, चहा सांडतो.
काल नवा अकरा नंबर चिडून म्हणाला,
"ह्याला काही आवाज-बिवाज नाही का?"

होता, म्हटलं,
आणि फडकं घेऊन खाली वाकले.