प्रश्न चौथा, पंधरा गुण

'ब्रिटिश राज्यव्यवस्थेतील न्यायाधीशांची भूमिका
व स्वातंत्र्य विशद करा.'
वय त्रेचाळीस, नोकरी नक्कल विभागात.
कसबा बावड्याचं कोर्ट सुटलं की
मी संध्याकाळच्या वर्गाला बसते.
आज सराव परीक्षा.

हणबर सरांनी सांगितलेलं आठवतं:
सतराशे एकचा कायदा;
राजाची मर्जी फिरली म्हणून
न्यायाधीशाला घरी पाठवता येत नाही,
दोन्ही सभागृहांनी मिळून मागावं लागतं.
लिहिते. पेन चालतं.
आणि मध्येच गुजरीतला काटा आठवतो.

अण्णांचा काटा काचेच्या पेटीत असे.
मी पाच वर्षांची, नाक काचेला चिकटवलेलं.
"श्वास आवर गं, पारडं हलतंय."
मी गाल फुगवून उभी.
स्वातंत्र्य म्हणजे काय, सर?
मला वाटतं, चारी बाजूंनी काच.
आतलं सगळ्यांना दिसावं,
फुंकर कुणाची पोचू नये.

आधी दुकान एकच होतं.
अण्णाच दागिना घडवणार, अण्णाच भाव सांगणार,
तोलणार तेही अण्णाच.
गिऱ्हाईक म्हणायचं, पोतदार, तुमच्यावर इस्वास हाय,
आणि जाताना दुसरीकडं तोलून बघायचं.
तिकडे लंडनातही एकच माणूस
मंत्रिमंडळात बसे, वरच्या सभागृहात अध्यक्ष होई,
न्यायाधीशांचा प्रमुखही तोच.
शेकडो वर्षं चाललं. चोरी झाली असं कुणी म्हणत नाही.
दिसायला बरं नव्हतं, एवढंच.
दोन हजार नऊ साली वरिष्ठ न्यायालय तिथून उठलं,
चौक ओलांडून समोरच्या इमारतीत गेलं.
आमच्या गल्लीत हे कधीच झालं होतं:
पेठेनं वर्गणी काढून धर्मकाटा मांडला,
अण्णांनी दुकान थोरल्या काकांना दिलं
आणि बोळ ओलांडून काट्यामागं जाऊन बसले.
कुणी भाव विचारला तर म्हणत,
"त्ये मला नगा विचारू. वजन विचारा."

वजनं मात्र अण्णांची नव्हती.
ती शिक्का मारून सरकारातून येत.
(हे लिहायलाच हवं, इथे तीन गुण आहेत:
संसदेनं केलेला कायदा
तिथला न्यायाधीश रद्द करत नाही.)
एकदा वीस ग्रॅमचं वजन झिजलेलं निघालं.
अण्णांनी चिठ्ठी लिहिली, 'खोटं आहे, बदलून द्यावं',
आणि उत्तर येईपर्यंत
त्याच वजनानं तोलत राहिले.
आई म्हणाली, फेकून द्या की पंचगंगेत.
"फेकायचा अधिकार माझा न्हाई.
खोटं हाय म्हणायचा हाय."
त्या रात्री ताटावरून उठले.

विसंगतीची घोषणा म्हणतात त्याला.
सरांनी सालही दिलं होतं, ते आठवत नाही.
आणि चिठ्ठीला उत्तर आलंच नाही तर?
पुस्तकात त्यावर एक ओळ आहे.
आमच्या घरात ते अकरा महिने होतं.

माझ्या लग्नाच्या पाटल्या अण्णांनी तोलल्या नाहीत.
सांगावकरांना काट्यावर बसवलं,
स्वतः बोळात जाऊन उभे राहिले,
भिंतीकडं तोंड करून.
पाटल्या काकांच्या दुकानच्या.
गुंजभर कमी भरल्या.
अण्णा काकांना एवढंच म्हणाले, "भर घालून आण."
त्या दिवाळीला काका आले नाहीत.
हे उत्तरात कुठे घालावं कळेना,
म्हणून समासात लिहिलं. मग खोडलं.

घंटा झाली. पुरवणीला दोरा बांधला.

आठवड्यानं पेपर हातात आला.
लाल शाईत: 'उदाहरण ठीक. कलमे कुठे?'
बरोबर आहे सरांचं.
डोक्यावर पंखा गरगरत होता,
पान फडफडत होतं, आकडा नीट दिसेना.
मी उठून आधी पंखा बंद केला.
सात.