ओहोटी

चवथ होऊन जाऊ दे, म्हणालो.
मग दिवाळी.
मग नवदुर्गेची जत्रा,
जत्रेला घरचा माणूस नको?
मग मानशीच्या फळ्या बदलायच्या होत्या.
डॉक्टरांची चिठ्ठी पंचांगात
पिवळी पडत गेली.

खरं कारण कुणालाच सांगितलं नाही.
अठ्ठावन्न वर्षांचा मी,
न्हाणीतसुद्धा पंचा सोडला नाही कधी,
तो परक्या पोरींसमोर
कुशीवर, गुडघे पोटाशी, पाठमोरा.
हे कुठल्या तिथीला बसतं?

आमचा थोरला, रोहिदास,
वर्षभर म्हणत राहिला, मूळव्याध आहे,
उष्णता आहे, बाजारचं तिखट आहे.
लुंगी स्वतः धुवायचा, विहिरीवर,
उजाडायच्या आत.
वहिनीला वाटायचं, नवस असेल काही.
बांबोळीला नेला तेव्हा
डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला.
बराच वेळ पुसत राहिले.

मडकईच्या मानशीवर आयुष्य गेलं माझं.
बांधाच्या पोटात कुर्ली बीळ करते,
बोटभर.
वर गवत हिरवंगार, गुरं चरतात.
मग अमावास्येचं उधाण येतं
आणि एका रात्रीत अख्खं शेत खारं.
म्हणून बांध चालायचा तो ओहोटीला,
पाणी उतरल्यावर,
वाकून, कोपरापर्यंत चिखलात हात घालून.
नाक मुरडायचं नाही.
सातव्या वर्षी बापानं शिकवलं मला हे.
रोहिदासलाही त्यानंच शिकवलं होतं.

गुरुवारी बाणस्तारीच्या बाजारात
सुंगटांचे वाटे लावता लावता
पिएदाद मोठ्यानं म्हणाली,
"अरे, माका घातली न्हय ती नळी!
न्हीद पडली. तीस वर्सांनी पयलीच बरी न्हीद!"
मी इकडेतिकडे पाहिलं.
मिरच्यावाला मिरच्या तोलत होता.
कुणाचीच मान वळली नव्हती.
तिनं चार सुंगटं वर टाकली
आणि म्हणाली, आता जा.

आदल्या दिवशी निवळ, शहाळं, पुन्हा निवळ.
तांबडं काही नको,
आत रक्तासारखं दिसतं म्हणे.
सोलकढीही नाही म्हटल्यावर
बायको पहिल्यांदा घाबरली.
मग ती पावडर, चार लिटर पाण्यात,
संत्र्याचं नुसतं नाव.
लहानपणी खाडीत गटांगळी खाल्ली होती,
तीच चव.
रात्रभर संडास आणि मी.
ती दाराबाहेर पाट टाकून बसलेली.
"संपलं?"
"नाही गं."
"आता?"
चारच्या सुमाराला नुसतं पाणी,
पिवळसर, तळ दिसणारं.
मी वाकून बघत राहिलो.
असं पाणी उतरलं
की आम्ही कंदील घेऊन निघायचो.

ज्या पोरीनं झग्याच्या नाड्या बांधल्या
ती काणकोणची,
तिचा मामाही मानशीवर.
"काका, तुमच्याकडे अजून मिळतात सुंगटं?"
मी सांगायला लागलो,
कुठल्या भरतीला, कुठल्या बाजूनं
आणि

जागा झालो तेव्हा वाक्य तोंडातच होतं.
लाज कुठं राहिली ते शोधलं थोडा वेळ,
मग चहा आला.

एक कोंब निघाला, वाटाण्याएवढा.
काढला. बाटलीत घालून पाठवलाय.
कागद सोमवारी.
तोवर काहीच माहीत नाही.
बरं, सोमवारपर्यंत बांध तरी
चालून झालेला आहे.

परतताना गाडी गौरेशनं चालवली,
रोहिदासच्या मुलानं.
पुलावरून पाहिलं तर खाली चिखल उघडा,
बगळे मान घालून काही शोधत होते.
"तुला किती वर्षं झाली रे?"
"एकेचाळीस. का?"
त्यानं रेडिओ मोठा केला.
मी हात लांब करून
बारीक केला.