नऊ आणि नऊ

सकाळचे नऊ, रात्रीचे नऊ.
मधे गॅस संपो, लिफ्ट अडको,
कन्नमवार नगरचं पाणी जावो,
नऊ म्हणजे नऊ.

डॉक्टर गोरक्षकरांनी समजावलं ते असं:
तुमचं शरीर म्हणजे सोसायटीचा वॉचमन.
अनोळखी चेहरा दिसला की काठी आपटणार.
या गोळ्या त्याला डुलकी देतात.
झोप नाही, डुलकी.
फार जागा राहिला तर नव्या भाडेकरूला हाकलेल,
गाढ झोपला तर चोर शिरतील.
घरी आले तेव्हा आमचा झिलू गेटवर खुर्चीत,
एक डोळा मिटलेला, एक उघडा.
पहिल्यांदाच मला त्याच्याविषयी आदर वाटला.

महिन्यातून एकदा परळला रक्त द्यायचं.
त्या सकाळी गोळी पर्समध्ये, पाकिटासकट.
सुई निघाली की पाण्याचा घोट, मग गोळी.
एकदा सवयीनं घरूनच घेऊन गेले.
लॅबमधली पोरगी म्हणाली,
आज आकडा खोटा येईल काकू, उद्या या.
लोहार चाळीत सत्तावीस वर्षं खतावणी लिहिली मी.
खोटा आकडा म्हणजे काय, मला कुणी सांगायला नको.

केमिस्टनं दुसऱ्या कंपनीचं पाकीट पुढे सरकवलं:
तेच आहे, स्वस्त पडेल.
मी ते परत सरकवलं. आधी डॉक्टरांना विचारते.
खिडकीच्या जाळीवर कबुतरं बसतात,
त्यांची घाण आता हे काढतात,
नाकाला फडकं, फडक्याआडून शिव्या.
सामंतबाईंनी गुळवेलीचा काढा आणला,
प्रतिकारशक्ती वाढते हो!
म्हटलं, मला वाढवायची नाहीये.
बाई बघतच राहिल्या.

किडनी नणंदेची. इंदुमतीची.
सासूबाईंच्या पाटल्यांवरून
अकरा वर्षं आमचं बोलणं नव्हतं.
समितीनं विचारलं, का देताय? पैसे घेतलेत?
ही म्हणाली, उलट माझेच हिच्याकडे निघतात.
समोरचं कुणी हसलं नाही.
मग सगळं पहिल्यापासून नीट सांगावं लागलं,
पाटल्यांसकट.

श्रावणात वसईहून आली, पिशवीत पपनस.
ओट्याशी उभी राहून सोललं,
बोटभर जाड साल, आत गुलाबी फोडी,
वर मिठाची चिमूट. वाटी पुढे केली.
म्हटलं, मला चालत नाही.
तिचा चेहरा झर्रकन अकरा वर्षं मागे गेला.
माझ्या हातचं?

मी फ्रिजवरचा कागद काढून तिला दिला.
चष्मा लावून वाचू लागली, पुटपुटत:
पपनस नको, औषध रक्तात नको तितकं चढतं.
अंगदुखीची गोळी मनानं नको.
दुसऱ्या कुणा डॉक्टरानं काही लिहून दिलं तर आधी फोन.
उलटी झाली तर फोन. ताप आला तर फोन.
वेळ चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट नको. फोन.
बरं वाटतंय म्हणून बंद करायचं नाही.
त्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवून
ती पुन्हा वाचत राहिली.

मग वाटी स्वतःकडे ओढली.
मला चालतं, म्हणाली.
माझ्याकडे राहिली ती घरचीच आहे.
तुझ्याकडे आलेलीला रुळू दे.
आणि सगळं पपनस एकटीनं खाल्लं,
बिया मोजल्यासारख्या बशीच्या कडेला लावत.

तेव्हापासून रात्री नऊ वाजून पाच मिनिटांनी फोन येतो.
हॅलो नाही, कशी आहेस नाही.
दिलीस?
दिली.
घेतलीस का, असं ती कधी विचारत नाही.
मीही पाटल्यांचं काढत नाही.