वरचा पाइप

बोरा बाजारातल्या छापखान्यात
एकतीस वर्षं मुद्रितं तपासली मी.
लग्नपत्रिका थोड्या, कंपन्यांचे कागद फार.
सहा पॉइंटचा टाइप भिंगाशिवाय वाचायचो.
त्या फंडाची मराठी पुस्तिका
माझ्याच टेबलावरून गेली.
पान एक्केचाळीस, तळटीप तीन:
'तर'च्या आधी स्वल्पविराम नव्हता.
घातला.

पुढं निवृत्तीचे साडेअकरा लाख घेऊन
चौबळांच्या कचेरीत बसलो, तेव्हा ते म्हणाले,
गाठोडं एकच, बँकांच्या शेअरांचं. वाटेकरी दोन.
पहिल्याला थोडं, पण आधी.
दुसऱ्याला उरलेलं सगळं,
शिवाय दरमहा रक्कम, वर्षाला पंधरा टक्के धरा.

कुमुदताईनं पहिला वाटा घेतला.
रॉकेलच्या रांगेत वाढलेली बाई,
'आधी' या शब्दाची किंमत तिला ठाऊक.
मी दुसरा.
उरलेलं सगळं.
म्हणून बघा मोठ्यानं, तोंड भरतं.

सत्तावीस महिने एक तारखेला मोबाइल वाजला.
बांगडा सुटला, सुरमई आली.
दाढेला टोपी बसली.
ताईला चिडवायचो, तुझं काय बाई, मुंगीचं पाऊल.
ती म्हणायची, मुंगी होऊन साखर खावी.
म्हणीचा पुढचा अर्धा भाग
ती कधीच म्हणाली नाही.

मग शंभराच्या गाठोड्याचे ऐंशी झाले.
काही बाजारानं नेले,
काही माझ्याच सुरमईनं.
ताईचे साठ होते, साठच राहिले.
माझे चाळीस होते.

त्या एक तारखेला मोबाइल गप्प.
नळही गप्प, म्हणून गच्चीवर गेलो.
रामसजीवन टाकीचं झाकण उचलून उभा होता.
दोन पाइप दाखवले त्यानं:
तळाशी अर्ध्या इंचाचा, जुन्या पागडीवाल्यांचा.
वर, हातभर उंच, दोन इंची, आमच्या नव्या विंगचा.
पाणी या रेघेखाली आलं, साहेब,
की वरच्यात नुसती हवा.
टाकी रिकामी आहे का, मी विचारलं.
नाही, तो म्हणाला. अर्धी आहे.

किती वेळ वाकून बघत होतो कोण जाणे.
पाण्यात माझा चेहरा होता,
माझ्या पाइपाच्या बराच खाली.

घरी येऊन पुस्तिका काढली. आता भिंग लागतं.
'मालमत्तेचे मूल्य पहिल्या वाट्याच्या
दीडपटीखाली गेले, तर
दुसऱ्या वाट्याचे वितरण थांबेल.'
साठाची दीडपट नव्वद. पोरालाही येतं.
आणि शेजारीच, मुंगीहून बारीक टाइपात:
'वितरणात मुद्दलाचा अंश असू शकतो.'
म्हणजे माझ्याच घागरीतलं पाणी
कोणी पेल्यात ओतून द्यावं,
आणि आपण त्याला दुवा द्यावा.

स्वल्पविराम तिथंच होता, काळाभोर, नीट.
इथं क्षणभर थांबावं, अशी खूण.
हजारो वाचकांसाठी केली होती.

संध्याकाळी ताईचा फोन.
तुमच्याकडं पाणी आलं का रे?
नाही म्हटलं.
माझ्याकडं येतंय, बादली पाठवते, ती म्हणाली.
बरं म्हटलं.
ऐंशीचे पन्नास झाले तर काय,
ते पान बेचाळीसवर आहे.
तेही मीच तपासलंय.
पण तिच्या घरात नळाचा आवाज येत होता,
आणि मला ते तिला
आज तरी वाचून दाखवता येईना.