पहिलं मोडायला

मे महिन्यात दुपारी अडीचला इतवारीत
एक तर लग्नघरचे जातात
नाही तर माझ्यासारखे,
ज्यांनी निवृत्तीच्या पैशातून यंत्र घेतलं
आणि त्याच्या तोंडात अजून दात नाही.

डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा.
कोराडीच्या टर्बाइनवर एकतीस वर्षं,
बेअरिंगचा शतांश मिलिमीटर कानानं ओळखायचो.
आडनाव ढोबळे.
हसून घ्या, अख्खी शिफ्ट हसायची.

काउंटरवर तस्नीम. तिचे अब्बा मागे
कूलरच्या तोंडाशी वही धरून.
म्हटलं, तो निळ्या झाकणाचा डबा द्या, तीस बिटांचा.
तिनं डब्याकडे पाहिलंसुद्धा नाही.
कोलेट केवढा, काका?
स्पिंडल किती वॅटचं?
कापणार काय?
दोन उत्तरं मी धडाधड दिली.
तिसऱ्याला
पेपरात न शिकवलेलं आल्यासारखा थांबलो.

सागवान, म्हटलं. लकडगंजातली फळी,
आरागिरणीवाल्यानं कडेची म्हणून स्वस्तात दिली.
नाव कोरायचंय.

मग तिसातली सव्वीस तुमच्याकडे नुसती झोपतील,
ती म्हणाली, आणि वर्तमानपत्राच्या तुकड्यावर
एकेक ठेवत गेली,
सोनार ठेवतो तशी.

हे भुसा वर फेकतं, पण कडेला केस सोडतं.
हे खाली दाबतं, कड अशी साफ,
भुसा मात्र खाचेतच कोंबून ठेवतं.
(मला माझे दोन साहेब आठवले.
दाबणारंच घेतलं.)

हे रुंद, बुटकं, पाटासाठी.
कशालाही हात लावायच्या आधी
स्वतःच्या खालचा पाट सपाट करायचा.

आणि हे टोकाचं, साठ अंशांचं.
गोल फिरणाऱ्याला आतला कोपरा
कधीच जमत नाही, काका, कितीही बारीक घ्या.
हे कोपऱ्याकडे जाताना वर वर येतं,
जागा जितकी अरुंद तितकं हलकं,
शेवटी नुसतं टेकतं.

गोल नाकाचं मी मागितलं.
देवबिव कोरणार? नाही.
मग पुढच्या खेपेला.

पुडी बांधताना पाहिलं तर
दाबणारी दोन, हुबेहूब एकसारखी.
दोन काहून?
पहिलं मोडायला,
ती म्हणाली, हसली नाही,
गोळी जेवणाआधी घ्यायची
हे सांगावं तसं.

मानेवाड्यात घर, दुसरा मजला.
रात्री अकरानंतर हात पुसावा लागत नाही,
तेव्हा यंत्र लावलं.
ढ गेला. काना, मात्रा गेली. ब गेला
लोण्यासारखा. मग मला घाई सुचली,
एका दमात तीन मिलिमीटर उतरवलं
आणि ळ च्या दुसऱ्या वळणावर
टक.

एवढासा आवाज.
वाफेची लाइन फुटताना ऐकलीय मी,
पण इतकं नेमकं रागावलं नव्हतं कोणी.
टोक सागाच्या पोटात.
बायकोच्या भुवयांच्या चिमट्यानं काढलं,
हे तिला सांगायचं राहिलंय.

दुसरं लावलं.
अर्धा मिलिमीटर, मग अर्धा,
भुसा ब्रशनं काढत, श्वास धरून.
मग टोकाचं बिट कोपऱ्यांत गेलं
आणि खरंच, वर येत येत
नुसतं टेकलं.

सकाळी पाटी दारावर.
समोरचे लोहकरे दुधाची पिशवी घेऊन थबकले,
अक्षरांवरून बोट फिरवत मोठ्यानं वाचलं:
ढो-ब-डे.
मस्त जमलं बे!

आमच्याकडे ळ लिहितात सगळे,
म्हणत कोणी नाही.
त्याच्यापायी एक बिट गेलं, तीनशे ऐंशीचं.
मी हो हो म्हणत
त्यांच्या बोटाकडे पाहत होतो,
ते दुसऱ्या वळणावर
कुठेच अडलं नाही.