भट्टीचं तोंड

फिएसोलेच्या खाणीत नेन्चोने चाळीस वर्षं
टोकदार कमानी घडवल्या.
दोन बाजूंनी दगड चढत जायचे
आणि शेंड्याला कपाळाला कपाळ टेकायचे,
भांडून दमलेल्या भावांसारखे.

मग शहरातून नवा उस्ताद आला.
कोवळी दाढी, बोटांना शाई.
म्हणाला, रोमच्या पडझडीत उतरलो होतो,
दोरीने मापं घेतली.
खांबाच्या जाडीवरून उंची ठरते,
उंचीवरून दोन खांबांतलं अंतर,
आणि कमान, काका,
अर्धं वर्तुळ. बस्स.

नेन्चो काही बोलला नाही.
छिन्नीला धार लावत राहिला.
हजार वर्षांपूर्वी मेलेल्यांच्या हाताखाली
आता उमेदवारी करायची?

संध्याकाळी तेस्सा पाव काढत होती.
लाल उजेडात भट्टीचं तोंड.
सतरा विटा, अर्धं वर्तुळ,
तिच्या सासूच्या सासूने लिंपलेलं,
कुणी कधी न मोजलेलं.
त्याने कमरेची दोरी सोडली,
गुडघ्यांवर बसला.
"सरक," ती म्हणाली, "पाव करपेल."

त्या इस्पितळाच्या ओसरीला अकरा कमानी आहेत,
पांढऱ्या भिंतीवर करड्या दगडाच्या,
मोजून घेतलेल्या श्वासांसारख्या.
दारावर उस्तादाचं नाव.
सातवी कमान मात्र अंगठाभर बसकी आहे,
जाणकार तिला चूक म्हणतात.

तिच्याखाली उभं राहिलं
की का कोण जाणे,
भूक लागते.