शिवणीत दोन बोटं

किरकोळ रजेच्या अर्जावर कारण लिहिलं : घरगुती.
कांबळे सर म्हणाले, मॅडम, कुणी आजारी आहे का?
म्हटलं, नाही. कुणीच नाही.
त्यांना ते कारण पटेना.

येळवस होऊन दोनच दिवस झालेले.
मांडीवर आंबिलीची किटली, तोंडाला घट्ट फडकं,
तरी चाकूरच्या पुढं एका गतिरोधकानं
साडीवर नकाशा काढलाच.
शेजारची बाई हसली, मग मीही,
शाळेच्या बाहेर, पोरं समोर नसताना,
कितीतरी दिवसांनी.

लातूरला भावाच्या दारात
चपलासुद्धा हळू काढाव्या लागतात.
शांभवीचं नीटचं वर्ष आहे.
वहिनी दुसऱ्या शिट्टीआधीच गॅसपाशी उभी.
भाऊ टीव्ही मुका करून क्रिकेट बघतो
आणि चौकार गेला की
नुसतेच दोन्ही हात वर करतो.

मला झोपायला दिली तिचीच खोली.
उशाशी भिंतीवर हृदय, चार कप्प्यांचं, बाणांसकट.
रात्री एकला ती पुस्तकातून मान न काढता म्हणाली,
आत्या, तुझ्या शाळेत आत्ता कोण असेल?
आत्ता? कुत्रं असेल गं व्हरांड्यात.
तिला त्याचं नाव हवं होतं, रंग हवा होता,
कुठल्या कुशीवर झोपतं, तेही.
उजव्या, मी ठोकून दिलं.
मग दोघींनी किटलीतली उरलेली आंबील प्यायली,
अंधारात, चोरासारखी,
मिरची लागली तरी सी न करता.

दुसऱ्या दिवशी गंजगोलाई.
सोळा रस्ते येऊन मिळतात तिथं
आणि मी हमखास सतराव्यानं निघते.
भांडी, घोंगड्या, मिरच्या, सोनं,
पुन्हा भांडी.
तिसऱ्या फेरीला एका जिन्याखालून आवाज आला,
"क्या गे, कित्ते चक्कर मारती? मैं कबसे देखरी."

खैरुन्निसा. खैरू.
फॉल-पिकोचं दुकान, एका मशीनच्या रुंदीचं.
चष्मा दोरीनं गळ्यात, ओठांत टाचणी.
डी.एड.ला असताना
एका सायकलीच्या दोघी मालकिणी होतो आम्ही,
ती पायडल मारायची,
मी मागं बसून घंटीचा हट्ट धरायचे.
पुढं नोकरी मला लागली. तिला नाही.
हे एवढंसं वाक्य कुणीच बोललं नाही,
म्हणून तर बावीस वर्षं लागली
जळकोटहून इथवर यायला.

मी काहीतरी जुळवत होते तोंडात.
तिनं टाचणी काढली.
"तू मास्तरीन. मैं बी मास्तरीन.
चार छोकऱ्यां हैं मेरे कने, ब्लाउज सिखाती.
मेरी कोई फेल नै होती."
आणि अशी हसली की
समोरचा घोंगडीवाला दुकानाबाहेर आला.

शटर अर्धं ओढून
आम्ही गोलाईभोवती फिरलो,
एका कपातला चहा बशीत वाटून घेतला,
तिच्या नवऱ्याची साखर, माझ्या सासूचे गुडघे,
सायकल शेवटी कुणी विकली याचं भांडण.
(मी विकली. दीडशे रुपयांना.
कबूल केलं. तिनं पंचाहत्तर मागितले,
मी दिले, आणि तिनं ते घेतले.)

परतीच्या बसस्टँडवर ती पिशवी घेऊन आली.
माप कधी घेतलं होतंस?
"देखी ना तेरे कू. दो उंगली मोटी हुई."

चाकूर मागं पडल्यावर ब्लाउज उलटा करून पाहिला.
दोन्ही बाजूंना, शिवणीच्या आत,
दोन-दोन बोटं कापड दुमडून ठेवलेलं,
बारीक टाक्यात, सहज उसवेल असं.
वर पिशवीत एक कागद, मराठीत, डी.एड.च्या वळणदार अक्षरात :
उसवायला माझ्याकडंच यायचं. इतर कुणाला हात लावू द्यायचा नाही.

सकाळी कांबळे सरांनी विचारलं, आता बरं आहे का?
म्हटलं, हो. बरं आहे.
त्यांना हेही पटलं नसावं.
व्हरांड्यात कुत्रं झोपलं होतं,
डाव्या कुशीवर.
शांभवीला कळवायला हवं.